मआमीरच्या किनाऱ्यावरची एकादशी

बहारीनला आमच्या पक्षीमंडळाचा हिवाळी मेळावा दर जानेवारीत एका शुक्रवारी भरायचा. मंडळ म्हणजे फार मोठं काही नव्हतं. वसईचे ग्रेगरी तेल कंपनीच्या ऑफिसात होते, त्यांना पक्ष्यांचं वेड. त्यांनी ऑफिसातली चार माणसं जमवली, मग त्या माणसांनी आपापल्या ओळखीची. एरवी पाच-सहा पुरुषच भल्या सकाळी कुठेकुठे जाऊन यायचे, पण हिवाळ्यातल्या मेळाव्याला बायकामुलांसकट सगळे. उत्तरेकडच्या बर्फातून पक्षी खाली येतात आणि मआमीरच्या चिखलावर उतरतात, ते बघायला.

मला पक्ष्यांतलं फारसं कळत नव्हतं. मी जायचे ती ह्यांच्याबरोबर. आमचे हे एका हॉस्पिटलच्या स्टाफची गाडी चालवायचे. ग्रेगरींच्या बायको डोरोथी त्याच हॉस्पिटलात नर्स. रोज पहाटे त्या आणि इतर नर्सबाया ह्यांच्या गाडीतून ड्यूटीला जायच्या. त्या ओळखीतून हे मंडळात आले आणि दुर्बिणीवर बसले.

ती दुर्बीण म्हणजे तीन पायांवर उभी करायची मोठी नळी. एकच होती. पक्षी कुठला ते सांगायला ग्रेगरी आणि त्यांचं पुस्तक होतं. पण लांबच्या पाण्यातला पक्षी शोधून त्यावर दुर्बीण रोखायची आणि मग हात न लावता बाजूला व्हायचं, म्हणजे बाकीच्यांना रांगेनं येऊन बघता येईल, हे काम ह्यांचं. ह्यांचे हात फार स्थिर. ग्रेगरींनी एकदा दुसऱ्या कुणाला बसवून पाहिलं, तर रांगेतल्या प्रत्येकाला नुसतं पाणी दिसलं. तेव्हापासून ती जागा ह्यांचीच झाली.

मी शेजारी सतरंजीवर बसायचे. आणि हळू आवाजात सांगायचे, कुठे बघायचं ते. मंडळाचा नियम होता, किनाऱ्यावर बोलायचं नाही. पण माझा आवाज मुळातच असा, की दोन हातांवरच्या माणसाला ऐकू जाऊ नये. आमच्या हूरा वस्तीतल्या खोलीत देवासमोर बसलं की डाव्या हाताला खिडकीत तुळस आणि उजव्या हाताला गॅस. त्यामुळे आमचं आपलं ठरून गेलं होतं. "तुळशीकडे, जरा वर," असं मी म्हणायचे, किंवा "गॅसकडे, पाण्याच्या कडेला." हे नळी तिकडे फिरवायचे आणि पक्षी सापडायचा. लोक म्हणायचे, काय नजर आहे महादेवची! मला ऐकायला बरं वाटायचं.

बरं वाटणं हळूहळू कमी झालं. घरी जेवताना मी आमटीची वाटी डावीकडे ठेवली की हे विचारायचे, "आमटी नाही का आज?" दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. पाण्याचा तांब्या रोजच्या जागेवरून वीतभर सरकलेला असला की पालथा व्हायचा. समोरचं मात्र सगळं लख्ख. वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं हे चष्म्याशिवाय वाचायचे. मी एकदा भीत भीत म्हटलं, "डोळे दाखवून या ना." तर म्हणाले, "नोकरीच्या मेडिकलला भिंतीवरचा तक्ता वाचला मी. शेवटची ओळसुद्धा. डॉक्टरनं पाठ थोपटली. डोळ्यांना काही नाही, लक्ष नसतं माझं."

मलाही तेच खरं वाटावंसं वाटत होतं. ड्रायव्हरचे डोळे गेले म्हणजे नोकरी गेली, नोकरी गेली म्हणजे व्हिसा गेला. दापोलीला परत जाऊन हे काय करणार होते? पण ह्यांच्या शेजारी गाडीत बसले की माझा जीव मुठीत असायचा. "उजवीकडून गाडी येतेय हं," असं मी म्हणायचे. "दिसतेय मला," हे म्हणायचे, आणि तेव्हा कुठे ब्रेक लागायचा.

माझे नेम लहानपणापासूनचे. पहाटे अंघोळ, सूर्याला अर्घ्य, तुळशीला पाणी, जप झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही. एकादशी तर आईच्या पोटात असल्यापासून धरलेली, असं घरचे म्हणायचे. त्यात मी आणखी एक नेम वाढवला. एकादशीला सकाळी उठल्यापासून सूर्य माथ्यावरून ढळेपर्यंत मौन. पांडुरंगाला सांगितलं, ह्यांची नजर सांभाळ, मी एवढं करीन. ह्यांना मात्र कशासाठी ते सांगितलं नव्हतं.

एक्याऐंशी साली मेळाव्याचा शुक्रवार आणि पौष शुद्ध एकादशी एकाच दिवशी आली.

ह्यांच्या ते ध्यानातच नव्हतं. ग्रेगरींनी हॉस्पिटलच्या मॅनेजरला विचारून सुट्टीच्या दिवसापुरती गाडी मागून घेतली होती. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, मनामात शिंपीकाम करायचे. बहीण गावी आणि दाजी इथे एकटे, म्हणून जेवणाची सोय असेल तिथे ते असायचेच. ते पुढच्या सीटवर बसायला आले, तर मी आधीच तिथे बसलेली.

"काय गो सत्या, साडूभावाचा मान पुढे असतो. उठ!"

मी हात जोडले आणि मान हलवली.

"आज तिचं मौन आहे," हे म्हणाले. "एकादशी."

"अरे वा! आमच्या हिला पण शिकव गो. एकादशीला नको, रोजचंच." दाजी मागे जाऊन ग्रेगरी आणि डोरोथीशेजारी बसले. "महादेवा, तू नशीबवान हां. बायको गप्प आणि आकाश निरभ्र. आणखी काय पाहिजे माणसाला?"

सगळे हसले. हेही हसले. मी डावा हात ह्यांच्या सीटच्या पाठीवर ठेवला होता. सितऱ्याच्या वळणावर बाजूनं एक टँकर आला, तेव्हा मी ह्यांचा दंड धरला. घट्ट धरला असणार, कारण हे दचकले आणि गाडी थांबली. टँकरवाला हॉर्न देत निघून गेला.

"अहो, दिसला होता मला," हे पुटपुटले. मागे दाजींचं बोलणं मध्येच थांबलं होतं, ते पुन्हा सुरू झालं.

मआमीरला नजीब वाट बघत उभे होते. ते तिथलेच, गावच्या शाळेत मास्तर. त्यांचे चुलते समुद्रात बांबूंचे कूड उभारून भरती-ओहोटीवर मासे धरायचे, त्यामुळे पाणी कधी कुठवर येणार ते नजीबना घरबसल्या माहीत. हिंदी छान बोलायचे.

"यल्ला, यल्ला, चलो भाभी, महादेवभाई! आज बहुत आया है," ते म्हणाले आणि दोन्ही हात आडवे पसरून दाखवले.

खरंच पुष्कळ होते. ओहोटी लागली होती. आमच्याकडच्या खाजणासारखा काळपट चिखल लांबवर उघडा पडला होता, आणि त्यावर बारीक बारीक तुतारी पक्षी असे पळत होते, की चिखलच हलतोय असं वाटावं. कांदळाच्या कडेला बगळे. पलीकडे रिफायनरीच्या चिमण्या आणि त्यांच्या ज्वाळा. वारा बोचरा होता. मी शालीत गुरफटून दुर्बिणीशेजारी सतरंजी टाकली आणि मनात जप चालू ठेवला.

लोक रांगेत उभे राहिले. ह्यांनी डोळा नळीला लावला.

डावीकडे, बऱ्याच अंतरावर, रोहित पक्ष्यांचा थवा पाण्यात उभा होता. फिकट गुलाबी, माना खाली घालून. मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. हे नळी उजवीकडे फिरवत राहिले. मग मधोमध. मग पुन्हा उजवीकडे. रांगेत कुणीतरी घसा खाकरला.

हे माझ्याकडे किंचित झुकले. "सांग की."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मौन म्हणजे मौन. पण हातानं खूण करायला माझ्या नेमात बंदी नव्हती. मी त्यांच्या डाव्या कोपराला बोट लावलं. त्यांनी नळी डावीकडे नेली, फार पुढे नेली, मी दंडाला हलकेच मागे ओढलं. थवा सापडला. हे बाजूला झाले आणि रांग पुढे सरकली. ग्रेगरी बघून आल्यावर हलक्या आवाजात म्हणाले, "ब्युटिफुल, महादेव. थोडा वेळ लागला आज?"

"वारा आहे ना. नळी हलते," हे म्हणाले.

पुढे सकाळभर असंच चाललं. कोपराला बोट, दंडाला बोट. कधी पक्षी सापडायचा, कधी माझं बोट आणि पक्ष्याचं उडणं जमायचं नाही. दाजी एकदा नळीत डोकावून म्हणाले, "महादेवा, ह्यात मला फक्त पाणी दिसतं रे. उपवासाचा पक्षी आहे काय?" हे हसले नाहीत.

दुपार व्हायला आली तशी भरती लागली. नजीब म्हणाले, गाडी जिथे उभी आहे तिथली वाळू पाण्यानं मऊ होईल, वर कडक जमिनीवर घ्या, मी नमाजाला जाऊन येतो. गाडीच्या उजव्या अंगाला वारा लागत नव्हता, म्हणून डोरोथीनं तिथेच चादर पसरून डबे मांडायला घेतले होते. वसईचे फुगे, म्हणजे मैद्याचे गोल वडे, तळून आणलेला त्यांचा डबा, माझी साबुदाण्याची खिचडी आणि रताळी, दाजींसाठी मटण. त्या चादरीवर पाय लांब करून बसल्या होत्या आणि कांदा चिरत होत्या. भडक निळा स्वेटर होता अंगात. ग्रेगरी सकाळी त्यावरून रागावलेही होते, की पक्षी घाबरतील.

हे दुर्बिणीवरून उठले, गाडीकडे गेले. चढताना गाडीच्या नाकासमोरून गेले. मी लांबून बघत होते. त्यांनी गाडी सुरू केली, समोर नीट पाहिलं, आणि उजवीकडे वळवली.

ग्रेगरी ओरडले, "स्टॉप! स्टॉप, मॅन!" डोरोथीनं पाय ओढून घेतले आणि तशाच मागे पडल्या. पुढचं चाक चादरीवर चढलं, फुग्यांचा डबा चेपला आणि गाडी थांबली.

मी धावत पोचले तेव्हा डोरोथी उठून बसल्या होत्या. हातातली सुरी वाळूत पडली होती. त्यांच्या पायांपासून चाक किती लांब होतं ते मी सांगणार नाही. मला ते मोजावंसं वाटलं नाही.

"काही नाही झालं," डोरोथी म्हणाल्या. "काही नाही. मीच वेडी, चाकाजवळ बसले."

हे खाली उतरले होते. "वाळूत गाडी सरकली," हे म्हणाले. "स्टिअरिंग ओढलं गेलं. सिस्टर, लागलं नाही ना?"

दाजींनी चेपलेला डबा उचलला, उघडला, आत बघितलं. "महादेवा, फुग्यांच्या चपात्या केल्यास रे." मग ह्यांच्या पाठीवर थाप मारली. "एवढी निळीशार बाई दिसली नाही तुला?"

लोक हसले. घाबरलेली माणसं हसतात तसे. हेही हसायला लागले, "वाळू हो, दाजी, वाळू," असं म्हणत. गाडी वर नेली गेली, चादर झटकून पुन्हा पसरली गेली, आणि दोन-तीन जण वाळूत गाड्या कशा सरकतात त्याच्या गोष्टी सांगू लागले.

मी तिथेच उभी होते. वाळू कडक होती. चाकाचा ठसा स्वच्छ, वळणदार, कुठेही घसरल्याची खूण नाही.

मग गावातल्या मशिदीतून बांग झाली. जुम्म्याची. सूर्य ढळला. माझं मौन सुटलं. मी पाण्याच्या कडेला जाऊन हात धुतले, सूर्याकडे तोंड करून उभी राहिले. पांडुरंगा, मी म्हटलं, मी एवढे दिवस काय केलं? मी सांगत होते म्हणून ह्यांना दिसत होतं. मी सांगत होते म्हणूनच कुणाला काही कळत नव्हतं, ह्यांनाही नाही. शुक्रवारी मी शेजारी असते. बाकीच्या दिवशी पहाटे ह्या माणसाच्या मागे दहा बाया बसतात, त्यांच्या शेजारी कोण असतं?

देव काही बोलत नाही. पण कधी कधी माणसाला पुढचं काय ते कळून चुकतं. मला कळलं आणि मी ओल्या हातांनीच मागे वळले.

जेवणं झाली. मी रताळं खाल्लं, खजूर खाल्ले. सगळ्यांशी बोलले. दाजी म्हणाले, "उघडलं काय गो दुकान?" मी म्हटलं, "हो दाजी, उघडलं." नजीब नमाजाहून केशराचा चहा घेऊन आले. भरती वर चढली होती आणि पक्षी पाण्याबरोबर मागे मागे सरत आमच्या दिशेनं येत होते. मेळाव्याची खरी वेळ हीच. सगळे आपापल्या जागी बसले, कुणी बोलेना.

हे दुर्बिणीवर बसले. मी शेजारी.

"आता सुटलं ना तुझं?" हे माझ्याकडे न बघता म्हणाले. "सकाळी फजिती झाली नुसती. सांग आता."

"मी सांगणार नाही," मी म्हटलं.

हे वळले. "रागावलीस? अगं, सिस्टरना लागलं नाही काही."

"रागावले नाही."

"मग?"

"तुमचं तुम्ही शोधा. मी इथेच बसले आहे."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, ह्यांनी सांगितलेल्या गोष्टीला मी नाही म्हटलेलं ह्यांना आठवत नसणार. मलाही आठवत नव्हतं. मग ह्यांनी डोळा नळीला लावला.

मी नजर खाली घातली. शालीचं टोक मुठीत धरलं. नळी उजवीकडे जाताना कुरकुरायची, तिचा आवाज येत होता. उजवीकडे, मधोमध, उजवीकडे. रांगेतली माणसं पाय बदलत होती. माझ्या जिभेवर शब्द येऊन बसले होते. एवढेसे दोन शब्द. ते म्हटले असते की सगळं पहिल्यासारखं झालं असतं. उद्या पहाटे हे गाडी घेऊन निघाले असते.

आधी आवाज आला. रोहित उडताना बदकांसारखे कलकल करतात. सकाळचा तो थवा भरतीनं उठला होता आणि डावीकडून, पाण्यावरून, अगदी खालून आमच्या समोर येत होता. दुर्बीण लागणार नाही इतक्या जवळून. उभी असताना फिकट दिसणारी ती पाखरं पंख उघडल्यावर आतून लालभडक आणि काळी होती. लांब माना पुढे, लांब पाय मागे. कुणीतरी "हाऽ" असं म्हणालं. नियम मोडून लोक उठून उभे राहिले.

ह्यांनी आवाज ऐकून डोकं वर केलं. आणि समोर बघितलं. समोर नुसतं पाणी.

मी तेव्हा वर पाहिलं, पण पक्ष्यांकडे नाही. ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हे माणसांकडे बघत होते. सगळ्यांचे चेहरे डावीकडे वळलेले, बोटं डावीकडे, आणि ह्यांना कळेना काय ते. आवाज कानाजवळ आणि डोळ्यांपुढे काहीच नाही. मग थवा ह्यांच्या नजरेच्या वाटेत आला. हे एकदम मागे सरकले, जणू भिंतीतून कुणी बाहेर यावं. क्षणभर दिसला, आणि लगेच उजवीकडे नाहीसा झाला. बाकीचे अजून माना वळवून बघतच होते.

हे माझ्याकडे वळले. राग नव्हता. एखादं लहान मूल जत्रेत हात सुटल्यावर जसं बघतं, तसं बघितलं. मी तेव्हाही काही म्हटलं नाही. ते मात्र मला फार जड गेलं.

थवा कांदळापलीकडे उतरला. लोक हसत, बोलत परत रांगेत यायला लागले. ग्रेगरी म्हणाले, "महादेव, आता त्यांच्यावर लाव, पुन्हा बसले आहेत."

हे उठले. दुर्बिणीला हात लावला नाही. डोरोथी थोड्या मागे चहा घेत उभ्या होत्या, त्यांच्यापाशी गेले.

"सिस्टर, मघाशी वाळू सरकली नव्हती," हे म्हणाले. सगळ्यांना ऐकू गेलं. "मी तुम्हाला बघितलंच नव्हतं. आता हे पक्षी पण नाही बघितले."

डोरोथीनं कप खाली ठेवला. मला वाटलं त्या आता संतापतील. संतापल्या असत्या तर त्यांचं काही चुकलं नसतं. पण त्या एकदम ड्यूटीवर असल्यासारख्या झाल्या. "इकडे ये, महादेव. उन्हाकडे पाठ कर. माझ्या नाकाकडे बघ. फक्त नाकाकडे." त्यांनी एक बोट ह्यांच्या चेहऱ्यासमोर धरलं आणि सावकाश बाजूला न्यायला लागल्या. "दिसतंय तोवर हो म्हण."

"हो," हे म्हणाले. "हो. हो."

मग थांबले.

बोट अजून ह्यांच्या गालासमोरही नव्हतं पोचलं. आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं. डोरोथीनं दुसऱ्या, उजव्या बाजूनं तसंच केलं. तिकडे थोडं जास्त. दाजी चेष्टा करायला तोंड उघडून उभे होते, ते तसेच राहिले आणि मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"किती दिवस झाले असं?" डोरोथीनं विचारलं.

"माहीत नाही. समोरचं सगळं दिसतं, सिस्टर. तक्ता वाचतो मी."

"तक्ता समोर असतो," त्या म्हणाल्या. "ह्याला काचबिंदू म्हणतात बहुतेक. डॉक्टर सांगतील. कडेनं कडेनं जातं आणि माणसाला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही." हे काही विचारायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं, "गेलेलं परत येत नाही. राहिलेलं औषधानं टिकतं. म्हणून उद्याच यायचं."

"उद्या?" हे म्हणाले. "उद्या पहाटेची शिफ्ट. तुम्हाला कोण आणणार?"

ह्यांना ते विचारल्यावरच कळलं असावं, आपण काय विचारलं ते. हे खाली वाळूवर बसले.

नजीबनी चहाचा कप भरून ह्यांच्यापुढे धरला. "सब अल्लाच्या हातात, महादेवभाई," असं अर्धं हिंदी, अर्धं आमच्याकडून उचललेलं मराठी बोलले. "गाडी मैं चलाता."

परतताना हे मागे माझ्याशेजारी बसले. सितरा गेलं तेव्हा हे मला हळूच म्हणाले, "तुला ठाऊक होतं."

"हो."

"मग आधी का नाही बोललीस?"

"बोलले होते. मग तुमच्याबरोबर मीही मनाला समजावलं. भीती वाटत होती."

"आता नाही वाटत?"

"वाटते," मी म्हटलं. "जास्तच."

हे खिडकीबाहेर बघायला लागले. खिडकीकडे पूर्ण मान वळवून.

दुसऱ्या दिवशी द्वादशी. मी नेहमीपेक्षा लवकर उठले, अंघोळ केली, दिवा लावला, नैवेद्याचा वरणभात केला. सूर्य उगवला नव्हता, अर्घ्य राहिलं होतं. ह्यांनीही अंघोळ केली आणि ड्यूटीचा खाकी शर्ट घातला. हे जिना उतरले, तशी मीही मागोमाग उतरले.

गाडी खाली उभी होती. नर्सबाया एकेक करून येत होत्या, डोळ्यांवर झोप, हातात डबे. ह्यांनी दार उघडलं नाही. दाराला पाठ लावून उभे राहिले.

"क्या हुआ, महादेवभाई? यल्ला, देर होगी," बिल्किस नावाची हैदराबादची मुलगी म्हणाली.

"आज मैं गाडी नहीं चलाऊंगा," हे म्हणाले. "मेरी आँखें खराब हैं. बाजू का दिखता नहीं. ऑफिस को मैं खुद बोलने वाला हूँ."

एक जण म्हणाली, "मजाक मत करो, सुबह सुबह." ह्यांनी तिलाही तेच सांगितलं. मग पॅट्रिशिया आली, तिला सांगितलं. जी येईल तिला. माझं त्यांच्याकडे बघणं होईना. पण आवाज चांगला ठाम होता. डोरोथी आल्या, त्यांनी कुणाला काही समजावलं नाही, नुसत्या ह्यांच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. शेवटी त्या सगळ्या टॅक्सी शोधायला मोठ्या रस्त्याकडे निघाल्या, पहाटेच्या थंडीत चादरी लपेटून, आपसात कुजबुजत.

"चला," डोरोथी ह्यांना म्हणाल्या. "आपणही जाऊ. सत्या, तू पण चल."

"माझा उपवास सोडायचा राहिला आहे," मी म्हटलं. "अर्घ्यही."

"मग?"

मी वर खोलीकडे पाहिलं. खिडकीत देवापुढचा दिवा दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी अर्घ्य द्यायच्या आधी घराबाहेर पाऊल टाकत होते. चपला घालून मी ह्यांच्या डाव्या बाजूला आले, आणि आम्ही रस्त्याला लागलो.